परातीच्या कडेचे मासे

७ जुलै, सोमवार

आज पुन्हा दचकले. सकाळी तळ्याच्या काठावर उकिडवी बसले होते आणि एकदम कानाशी आवाज आला, "बाई, बादली." असा जीव उडाला की हातातली वाटी पाण्यात गेली. म्हटलं, "मेले, मांजरासारखी येत जाऊ नकोस गं!" तर तळ्यावर कामाला असलेली सरुबाई म्हणते, "मी कवाची हितंच हाय. तुमच्या बाजूलाच."

नव्हती. शपथेवर सांगते, नव्हती. बाजूला कोणीच नव्हतं.

ही डायरी औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली, जानेवारीपासून कोरीच पडली होती. आता हिलाच सांगते, कारण घरात सांगितलं तर हसतील. गेले काही महिने माणसं माझ्या शेजारी अचानक उगवतात. चाहूल नाही, सावली नाही. कुत्रं, सायकलवाला, परवा तर खुद्द हे. लग्नाच्या नवऱ्याला बघून मी किंचाळले. हे म्हणाले, "आशा, आता या वयात लाजतेस की घाबरतेस?" सगळे हसले. मीही हसले.

मला भीती वाटते. एवढंच लिहायचं होतं.

१० जुलै, गुरुवार

यंत्र आलं. सूनबाईंचा, तृप्तीचा, पराक्रम. तिचा मामेभाऊ राज अंबडला एका वर्कशॉपमध्ये आहे, त्याने बनवलंय. पांढरी पन्हळ, वर कॅमेरा, शेजारी छोटा पडदा. पन्हळीत पाण्याबरोबर मासे सोडायचे, ते घसरत जातात आणि पडद्यावर आकडा पळतो. राज मला म्हणाला, "काकू, आता तुम्हाला मान मोडून बसायला नको." मी म्हटलं, "बाळा, माझी मान शाबूत आहे."

राग आला होता, खोटं कशाला बोलू. टोमॅटो, शेपू, कोथिंबीर हे सगळं ह्यांचं. भाजीच्या पाण्यासाठी शेततळी केली आणि त्या पाण्यात मासे वाढवायचं माझ्या डोक्यातून आलं. बारीक पिल्लं आणायची, बोटाएवढी करायची आणि धरणावरच्या मच्छीमारांना द्यायची. अख्ख्या मळ्यात माझं म्हणावं असं तेवढंच. आणि त्यातही मोजणी मी कोणाच्या हातात देत नाही. पांढऱ्या परातीत पाणी, त्यात एक वाटी पिल्लं, ती मोजायची. एका वाटीत किती ते कळलं की पुढे नुसत्या वाट्या ओतत जायचं. पहिली वाटी पाण्यातल्या साती आसरांची, ती परत तळ्यात. मग "लाभ" म्हणून सुरुवात. "एक" म्हणायचं नाही. माझ्या माहेरी धान्य असंच मापायचे.

धरणावरच्या सोसायटीचा चेअरमन सोमनाथ माझ्याशिवाय कोणाकडून माल नेत नाही. "आशाताई, तुमच्या हाताला बरकत हाय. तुमच्याकडून नेलं की मासा लय निघतो." आता या डब्याला बरकत कुठून यायची?

संध्याकाळी आमचा महेश ओझरहून ड्युटी करून आला, तो मोटरसायकलचा डावा आरसा फोडून. म्हणे, "गेटचा खांब मधे आला." मी म्हटलं, "जन्मापासून तिथेच आहे तो, आज काय फिरायला निघाला होता?" तृप्ती खूप हसली. पोरगं माझंच, दुसरं काय. अप्पासुद्धा असेच, माझे वडील, दिसेल त्याला धडकायचे.

१४ जुलै, सोमवार

डबा खोटं बोलतो. माझ्या एका वाटीत शंभर, तर तो म्हणतो एकशे वीसच्या वर. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. राजला फोन लावून सांगितलं, "तुझा डबा सावल्या मोजतो. एक मासा, एक सावली, दोन." राज म्हणाला, बघतो. आवाजावरून कळलं की तो बघणार नाही.

तृप्ती परातीकडे बघत राहिली. ती अशी बघत बसली की मला जास्त धास्ती वाटते.

१५ जुलै, मंगळवार

माझी मोजणी पुन्हा कमी.

१८ जुलै, शुक्रवार

अक्षर बघा कसं आलंय.

आज मी तळ्यात गेले असते. बांधावरून चालत होते, रोजचा बांध, डोळे मिटून चालावा असा. डावीकडे पाऊल टाकलं आणि खाली जमीनच नाही. सरुबाईने मागून पदर धरला, दंड धरला आणि ओढलं, म्हणून आज लिहितेय. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, शेवाळाने बुळबुळीत झालेला. त्यात पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं. पोहणारासुद्धा वर येत नाही. मागच्या साली शेजारच्या शिवारात बैल गेला होता, दोरखंडाने काढला, पण मेलेलाच.

मी बांधावरच बसले. सरुबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ती पेठकडची, डोंगरातली, तिला पाण्यातल्या बायांचं सगळं ठाऊक. हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका. आसरांचा फेरा हाय तुमच्यावर. त्या बाजूला उभ्या ऱ्हातात, अन् वढतात."

मी रागावले नाही. खरं सांगू? बरं वाटलं. म्हणजे माझ्या शेजारी जे उगवतं त्याला नाव तरी मिळालं. पण मग वाटलं, पहिली वाटी मी त्यांना एकदाही चुकवली नाही. मग माझ्यावर का?

दुपारी दहीभात, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू घेऊन दोघी तळ्यावर गेलो. घरात कोणाला सांगितलं नाही. तृप्ती बीएस्सी झालेली, ती मला काय म्हणेल!

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची आवस

सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते. समया, निरांजनं, कणकेचे दिवे. छान दिसत होतं. मी गुळाचा नैवेद्य ठेवायला वाकले आणि तृप्ती ओरडली, "आई, पदर!" पदर पेटला होता. डावीकडच्या समईवरून गेला होता. तिने हातानेच विझवला, तिच्या तळव्याला फोड आला.

मी तिच्यावरच ओरडले. "ती समई इथे कोणी ठेवली?"

ती म्हणाली, "आई, तुम्हीच ठेवलीत. आत्ता."

ह्यांनी मला पाणी दिलं. नैवेद्य तसाच राहिला. मी तिच्या हाताला तूप लावत बसले आणि रडू येत होतं. माझ्या हातून या घरात काहीतरी होणार आहे. कोणाला तरी होणार आहे. आसरांना मी म्हणाले होते, घ्यायचं तर मला घ्या. माझ्या पोरीसारख्या सुनेला कशाला?

२८ जुलै, सोमवार

सोमनाथ माल न्यायला आला आणि मीच बोलून बसले. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. डब्याचं खरं की माझं. राजलाही बोलावलं होतं.

शेडमध्ये परात ठेवली. वर राजने दुसरा कॅमेरा लावला. मी आसरांची वाटी तळ्यात सोडली, लाभ म्हटलं आणि मोजलं. अगदी सावकाश, बोटाने दाखवत दाखवत. शंभराला दोन कमी. मग तीच पिल्लं डब्यातून गेली. एकशे एकोणीस. मी म्हटलं, "बघा! सावल्या!"

सोमनाथ म्हणाला, "थांबा ताई, भांडू नका." तो आणि सरुबाई दोन बादल्या घेऊन बसले आणि एक-एक मासा चिमटीने या बादलीतून त्या बादलीत. सरुबाईला मोजता येतं शंभरापर्यंत, पुढे सोमनाथने धरलं.

एकशे एकोणीस.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सोमनाथ बिचारा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी ताई, इतके दिस तुमी मला वरचं फुकटच देत व्हता की!" आणि तो हसला, पण माझं तोंड बघून त्याने टोपी परत घातली. मग म्हणाला, "नाय, मी काय म्हंतो, बरकत ती बरकतच."

मी घरात येऊन दार लावून बसले. बरकत नव्हतीच कधी. मी चुकत होते आणि लोक मला हात जोडत होते.

२९ जुलै, मंगळवार

सकाळी पहिलं काम काय केलं, तर सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात गेला. मग पंचांगातलं बारीक अक्षर वाचलं, चष्म्याशिवाय. मग औषधाच्या बाटलीवरचं. सगळं स्पष्ट. ह्यांना नाही वाचता येत ते, मला येतं.

म्हणजे डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे दोष डोक्यात आहे.

हे जास्त वाईट. आमच्या गल्लीतल्या फुलाबाईंना शेवटी मुलाचं नाव आठवत नव्हतं, भरल्या पानावर बसून जेवायला मागायच्या. तसंच होणार माझं? मोजता मोजता एकवीस मासे डोक्यातून गळून जातात, उद्या महेश गळून जाईल. आज दिवसभर मनातल्या मनात नावं घोकली. महेश, तृप्ती, ह्यांचं, माझं, अप्पांचं, आईचं. सगळी आली. तरी भीती जाईना. भाजीला मीठ घातलं की नाही हे तीनदा चाखून बघितलं आणि शेवटी भाजी खारट झाली.

अप्पांची फार आठवण आली. साठीसुद्धा झाली नव्हती त्यांची. भिंतीला हात लावून लावून चालायचे. आम्ही म्हणायचो म्हातारपण. मी त्यांना हाताला धरून देवळात न्यायची. ते म्हणायचे, "पोरी, समोरचं दिसतं गं, पण जग चिंचोळं झालंय." काय बोलायचे कोण जाणे.

३१ जुलै, गुरुवार

तृप्ती दुपारी माझ्या खोलीत आली. मोबाईल घेऊन. मला वाटलं आता सांगेल की आई, तुम्ही आराम करा, आम्ही बघतो. मी आधीच तोंड फुगवून बसले.

ती म्हणाली, "आई, हे बघा. तुम्ही परातीतले मासे मोजताय त्याचा व्हिडिओ. मी कितीदा बघितलाय. तुम्ही मधला एकही मासा सोडत नाही. दोनदाही मोजत नाही. जे सुटतात ते सगळे कडेचे."

"मग?"

"मग काही नाही. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. नजर हलवायची नाही हं. आता सांगा, किती बोटं?"

मी घड्याळाकडे बघत बसले. काटा सरकत होता. ती काही दाखवेना. मी म्हटलं, "दाखव ना लवकर, पोळ्या राहिल्यात."

काटा आणखी पुढे सरकला.

मी विचारलं, "कुठली बोटं?"

मग मान वळवून बघितलं. तिचा हात माझ्या डाव्या कानापासून वीतभरावर होता. पाचही बोटं पसरलेली, तळव्यावर तो फोड. हात कधीपासून तिथेच होता. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

कॉलेज रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. महेशने सुट्टी टाकली नाही, मीच नको म्हटलं. तृप्ती होती.

आधी थेंब, मग अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळसुद्धा मी धडाधड वाचली. डॉक्टरबाई "वा" म्हणाल्या आणि मला धीर आला. मग एका काळोख्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. गोल पांढरा वाडगा, त्यात तोंड घालायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. हातात बटण. बारीक ठिपका चमकला की दाबायचं.

मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम. ठिपके म्हणजे पिल्लंच. पहिल्या ठिपक्याला लाभ म्हटलं आणि सुरू झाले. टक, टक. फार मन लावून केलं. मधे मधे यंत्र थांबायचं, डोळ्यांना आराम मिळावा म्हणून असेल. चांगली सोय आहे असं वाटलं. बाहेर येऊन तृप्तीला म्हटलं, "एकही सुटला नाही बघ माझा."

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल. मधे थोडं पांढरं आणि भोवती सगळं काळं. डावा तर जवळजवळ काळाच.

मी म्हटलं, "पण मी सगळे टिपले. ते थांबायचं तेव्हाच फक्त..."

"काकू," त्या म्हणाल्या, "ते इतका वेळ कधीच थांबत नाही. ठिपके येत होते."

काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो. मधलं शेवटी जातं, म्हणून सुई ओवता येते. गेलेलं परत यायचं नाही. उरलेलं रोजच्या थेंबांनी राखता येईल, चुकवायचं नाही. मी विचारलं, हे अजून कळलं नसतं तर? त्या म्हणाल्या, अजून थोड्या काळात तुम्हाला हाताला धरून आणावं लागलं असतं.

हाताला धरून. मला अप्पांचा हात आठवला, खरखरीत, माझ्या हातात घट्ट. म्हातारपण नव्हतं ते. आम्ही कोणी विचारलंसुद्धा नाही.

उठताना त्या म्हणाल्या, "घरात वडिलांना असेल तर रक्तातून येतं. तुमच्या मुलांना घेऊन या." अगदी सहज म्हणाल्या, चहा घ्या म्हणावं तसं. मला गेटचा खांब दिसला.

५ ऑगस्ट, मंगळवार

सरुबाईला सांगितलं, आसरा नाहीत, डोळा आहे. तिला पटलं नाही. पण एक कळलं. गेले कित्येक महिने ही बाई माझ्या डाव्या बाजूनेच चालते. बादल्या बाजूला सारते, वायर उचलते. आसरा आल्या तर आधी तिला धरतील म्हणून. मी तिला मांजर म्हणत होते.

तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "बाई, मासं मरतील, चला."

डब्याने मोजलं. मी शेजारी बसून आकडा वाचला, आकडा मधोमध असतो, तो दिसतो. आसरांची वाटी आधी सोडलीच. राजला वाटतं यंत्राने माझं काम घेतलं. घेऊ दे. त्या डब्यानेच मला पुढच्या वेळी तळ्यात जाण्यापासून वाचवलं आहे.

महेश तपासायला येत नाही म्हणतो. "आई, मी रोज ओझरपर्यंत गाडी चालवतो. मला काय झालंय?" हेच तर मला नको आहे, की तो रोज गाडी चालवतो. ट्रक काय खांबासारखा एका जागी उभा राहतो का? आज तो घरी येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत ओट्यावर बसून होते. हे म्हणाले, आत चल. मी गेले नाही. ह्यांनीही मग खुर्ची आणली आणि माझ्याजवळ बसले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्यात बसून लिहितेय. तृप्तीने महेशच्या गाडीची किल्ली लपवली, मी जेवण सोडते म्हटलं, तेव्हा साहेब आले.

त्याला आत त्या वाडग्यापुढे बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. बटणाचा आवाज बाहेर येत होता. मी मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार. छान चाललं होतं. टक, टक. मग आवाज थांबला. पुन्हा टक. पुन्हा थांबला. तृप्तीने माझा हात धरला, तिच्या तळव्यावरची खपली मला लागत होती. ती पण मोजत होती, मला कळलं.

मी देवाला म्हटलं नाही, आसरांना म्हटलं नाही. त्या यंत्रालाच म्हटलं, बाबा रे, तू खरंच थांबत असशील तर थांब. एवढं एकदा थांब.

महेश हसत बाहेर आला. "उगाच घाबरवलंस तू सगळ्यांना. सोपं होतं. एकही सुटला नाही माझा." मग डोळे चोळत म्हणाला, "आणि बरंय, मधे मधे थांबतं ते. तेवढाच आराम."

तृप्ती उठून खिडकीशी गेली.

तो बाकावर बसला, मोबाईल काढला. कागद अजून आत आहे, डॉक्टरबाई बघतायत. तो तिशीतला आहे, मी पन्नाशी ओलांडून आले. तेवढी सगळी वर्षं त्याच्या हातात आहेत, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतेय. मघाशी एवढं लिहून मी डायरी मिटली, उठले आणि जाऊन त्याच्या डाव्या बाजूला बसले. अगदी खेटून नाही, थोडी अलीकडे. बसून राहिले.

बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली आणि दचकला. मोबाईल पडला हातातून.

"आई! कधी आलीस गं?"

मी मोबाईल उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "मी केव्हाची इथंच आहे, बाळा."